कॉलिन चॅपमन : इंजिनालाच चॅसिस करणारा माणूस

आषाढात भोर-वेल्ह्याकडे भाताची चिखलणी चालू असते, तेव्हा बांधावर उभे राहून ट्रॅक्टर नीट बघा. बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसतेच. पुढचा ॲक्सल इंजिनाला आणि इंजिन गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला बोल्टने जोडलेले. इंजिन हाच गाडीचा कणा! फॉर्म्युला वनच्या गाडीत ही युक्ती कायमची रुजवली कॉलिन चॅपमनने.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. शिकला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग, म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांच्या पंगतीतला. (मेकॅनिकलवाल्यांनी राग मानू नये.) जुन्या ऑस्टिन सेव्हनवर त्याने स्वतःची गाडी बांधली आणि १९५२ साली लोटस कंपनी काढली. वजन कमी करायचे त्याला वेडच होते.

१९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली आणि लोटसकडे धड इंजिन उरले नाही. चॅपमनने फोर्डला पटवून एक लाख पौंड मिळवले. इंजिन करणार होता कॉसवर्थचा कीथ डकवर्थ, पूर्वी लोटसमध्येच गिअरबॉक्सवर काम केलेला. एरवी इंजिनवाला इंजिन देऊन मोकळा होतो, चॅसिसवाला ते कसेबसे कोंबतो. इथे दोघांनी आधीच ठरवले, की ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा सांगाडा ड्रायव्हरच्या पाठीशी संपेल, पुढचा सगळा भार इंजिन घेईल आणि मागचे सस्पेन्शनही इंजिन-गिअरबॉक्सवरच बसेल. आता इंजिन तापले की फुगणार. म्हणून खाली घट्ट बोल्ट आणि वर पातळ पट्ट्या, ज्या थोड्या वाकून ती वाढ सोसतील. लान्सिया आणि बीआरएमने असले प्रयोग आधी केले होते, पण बीआरएमचे सोळा सिलिंडरचे इंजिन भलतेच जड होते.

४ जून १९६७ ला झांडवूर्टला लोटस ४९ पहिल्यांदाच उतरली आणि जिम क्लार्कने शर्यत जिंकली. पुढे १९७७ साली चॅपमनने गाडीखालून हवेचे बोगदे काढले, तेव्हाही हेच अरुंद व्ही-८ कामी आले. फेरारीचे आडवे पसरलेले इंजिन नेमके त्या जागेत आडवे येत होते.

पण हलकेपणाची किंमत ड्रायव्हरनी मोजली. गाड्या फार नाजूक आहेत, असे योखेन रिंटने १९६९ साली चॅपमनला पत्राने कळवले होते. १९७० मध्ये मोंझाला सरावात ब्रेकचा शाफ्ट तुटून रिंट गेला. त्या वर्षीचे विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. चॅपमनचे कौतुक करताना हे पत्र खुपत राहते.

१६ डिसेंबर १९८२ ला चॅपमन हृदयविकाराने गेला, वय ५४. डिलोरियन कंपनीच्या गहाळ पैशांच्या चौकशीत त्याचे नाव मागे राहिले. त्या इंजिनाच्या घराण्याचा १५५ वा आणि शेवटचा विजय १९८३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला झाला, टायरेलच्या गाडीत.