फादर स्टीफन्स आणि नाताळची तारीख



डिसेंबर आला की परिपाठात नाताळची माहिती सांगितली जाते. आपल्या हिंगणघाटच्या शाळांतही २५ डिसेंबरला सुट्टी असते. येशू ख्रिस्तांचा जन्म २५ डिसेंबरला झाला, हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. पण एखादं चौकस पोर विचारतं, ही तारीख कोणी लिहून ठेवली? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं, तर ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. त्यांची स्वतःची जन्मतारीखही नक्की माहीत नाही. जन्म १५४९ च्या सुमाराचा मानतात. रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये जहाजाने गोव्यात पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढची सुमारे चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते इथेच राहिले. त्यातला बराच काळ साष्टी भागात गेला.

तिथे त्यांनी लोकांच्या भाषा मनापासून शिकल्या. कोकणीचं व्याकरण लिहिलं. पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळं पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना पुराण ऐकायची सवय तर होती, पण ऐकायला पुराण उरलं नव्हतं. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या भागात येशूंचं चरित्र आहे. स्वर्गासाठी त्यांनी आपला वैकुंठ हाच शब्द वापरला. नाताळ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला; त्याचा अर्थच जन्माशी निगडित आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. येशूंच्या जन्माची कथा बायबलमध्ये मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. दोन्हीकडे तारीख नाही, महिनाही नाही. जन्म हेरोद राजाच्या काळात झाला असं मात्र सांगितलं आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. म्हणजे येशूंचा जन्म त्याआधीचा! इसवी सनाची गणना सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या साधूने सुरू केली, तिच्यात ही काही वर्षांची चूक राहून गेली.

मग २५ डिसेंबर आला कुठून? रोममध्ये या दिवशी ख्रिस्तजन्म मानत असल्याची जुनी नोंद चौथ्या शतकातली आहे. काहींच्या मते सूर्याच्या रोमन सणाच्या दिवशीच हा सण ठेवला गेला. दुसरं मत असं, की येशू २५ मार्चला मातेच्या उदरी आले अशी समजूत होती आणि त्यात नऊ महिने मिळवून ही तारीख काढली. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला हा सण पाळतं.

स्टीफन्स यांच्या हयातीतच या तारखेचं एक नवल घडलं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारलं आणि दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारलं, गोव्यातही ते आलं. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनंच चालू ठेवलं. म्हणजे गोव्यात फादर नाताळ साजरा करत, तेव्हा त्यांच्या मायदेशात १५ डिसेंबर असायचा! सण एकच, पण दहा दिवस मागेपुढे. तरी त्यांनी चाळीस वर्षं केलेल्या कामात त्यामुळे काही उणं आलं नाही.

आपल्याला हे नवं नाही. शिवरायांच्या जन्माची वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी बराच काळ मानली जात होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तेव्हा फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. त्यावर कितीतरी वर्षं वाद चालला. म्हणून महाराजांची थोरवी कुणाच्या मनात कमी झाली का?

तेव्हा या वर्षी फळ्यावर वाक्य थोडं बदलून लिहूया : येशू ख्रिस्तांचा जन्मदिवस २५ डिसेंबरला साजरा करतात. झाला आणि साजरा करतात, एवढाच फरक. पण त्यात श्रद्धेचाही मान राहतो आणि इतिहासाचाही. वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी असेल तर त्याच्या सणाला उणेपणा येईल असं बोलू नका. आणि घरी एक उपक्रम जरूर द्या : आजी-आजोबांची जन्मतारीख विचारून यायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी, मोठ्या पुराच्या साली, अशी उत्तरं येतील. तारीख नसली तरी माणूस खरा असतो, हे मुलांना तिथेच कळेल.