बाबूराव शेडमाके

अमेरिकेत 1830 च्या कायद्याने तेथील मूळ रहिवाशांस पश्चिमेकडे हुसकून लाविले. आपल्या वऱ्हाडाशेजारील चांदा प्रांतातही गोंडांची भूमी परक्यांच्या सत्तेखाली गेली. कारण 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव यांस हे सोसवले नाही. 1858 च्या मार्चात त्यांनी गोंड व रोहिले जमवून राजगड परगणा घेतला. एप्रिलात प्राणहितेकाठी त्यांच्या लोकांनी तारायंत्राच्या कामावरील दोन गोरे मारिले. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी सरकारच्या दडपणाने त्यांस धरून दिले. बक्षीस म्हणून बाईंस 67 गावे मिळाली. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यास बाबूरावांस फाशी झाली. वय अवघे 25. वाचकहो, फौजेस जे साधले नाही, ते स्वकीयांच्या फुटीने साधले.