रमाबाई रानडे यांचा इंग्रजीचा अभ्यास
रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्रे गावच्या, कुर्लेकरांच्या घरातल्या. 1873 साली, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माधवरावांनी लगेच शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसभर घरकाम, अभ्यास रात्री. जमायला लागल्यावर त्या माधवरावांना वर्तमानपत्रं वाचून दाखवू लागल्या. नुसतं व्याकरण घोकण्यापेक्षा हे मोठ्यानं वाचणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पटत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. युरोपीय बाईंकडे इंग्रजी शिकून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही! रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे पुण्यात हिराबागेत गव्हर्नरसमोर त्यांनी मुलींच्या हायस्कूलसाठी इंग्रजीत भाषण वाचलं. घरी कौतुक कुठलं, बोलणीच बसली.

1909 साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं. घरच्या त्या दिवसांची हकिगत 1910 साली ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या पुस्तकात आली, मराठीत.