लोहाराचा मुलगा आणि हस्तिदंती चेंडू

— द्वितीय वर्ष, कला

बिलियर्ड हा आपल्याकडे मूठभर लोकांचा खेळ. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, एवढे आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असते. पण तो खेळ ज्या काठीने खेळतात तिच्या टोकाकडे कोण कशाला निरखून पाहील? या काठीला क्यू म्हणतात. तिच्या अगदी टोकाला चामड्याची टिकली असते. टिकली आणि लाकूड यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी एक टोपी बसवलेली असते, तिला फेरूल असे नाव आहे. आपल्या घरातल्या मुसळाला खाली लोखंडी कडे असते ते कांडताना लाकूड चिरू नये म्हणून. फेरूलचे कामही तेच. स्नूकरच्या काठीला ही टोपी पितळेची असते. अमेरिकेतील पूल नावाच्या खेळात मात्र काठीचे टोक हलके हवे असते, म्हणून तेथे धातू नको. टोपी टणक हवी पण ठिसूळ नको, हलकी हवी पण दुबळी नको, आणि तिने आघात गिळून न टाकता पुढे पोचवला पाहिजे. हे सारे गुण एका ठिकाणी सापडले ते हत्तीच्या सुळ्यात. काठीची टोपी हस्तिदंती आणि चेंडूही हस्तिदंती, असा हा गजान्तलक्ष्मीचा खेळ होता.

हस्तिदंताला दुसरे काहीतरी शोधायचे, या एकाच ध्यासाने ज्याच्या आयुष्याला वळण लागले त्या जॉन वेस्ली हायटची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्टार्की नावाच्या गावी २८ नोव्हेंबर १८३७ रोजी हायटचा जन्म झाला. वडील लोहार होते. गावच्या शाळेत शिक्षण झाले, पुढे मुलाने धर्मोपदेशक व्हावे म्हणून एका सेमिनरीत वर्षभर धाडले. पण त्याचे मन गणितात आणि यंत्रात रमत होते. सोळाव्या वर्षी शिक्षण सुटले. तो इलिनॉय राज्यात गेला आणि छापखान्यात खिळे जुळवू लागला. यापुढे त्याने कोणत्याही महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही. जवळजवळ दहा वर्षे मुद्रकाचा धंदा केला. हात मात्र स्वस्थ बसत नव्हते. १८६१ मध्ये सुऱ्यांना धार लावण्याच्या एका साधनाचे पहिले पेटंट त्याने घेतले.

१८६३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्डचे सामान बनवणाऱ्या कंपनीने एक बक्षीस जाहीर केले. हस्तिदंताऐवजी वापरता येईल असा पदार्थ जो शोधून देईल त्याला दहा हजार डॉलर! ही भूतदया नव्हती. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच चांगले चेंडू निघत, कारण चेंडूचा मध्य सुळ्याच्या मध्यरेषेवर यावा लागे. नाहीतर तो एका अंगाला कलून घरंगळे. सुळा मोठा असून भागत नसे, तो निर्दोषही लागे. चेंडू कातण्यापूर्वी हस्तिदंत दीर्घकाळ मुरवत ठेवत. तरीही हवा कोरडी झाली की त्याला भेगा जात आणि दमट झाली की गोलाई बिघडे. आफ्रिकेतला हस्तिदंत झांझिबारच्या बंदरातून जगभर जाई. त्यातला बराचसा आपल्या मुंबईच्या बाजारातून पुढे विलायतेला रवाना होई. खेळणारे वाढत गेले आणि सुळे महाग होत गेले.

हायट तेव्हा ऑल्बनी शहरात मुद्रक होता. दिवसा छापखाना, रात्री आणि रविवारी प्रयोग. रसायनशास्त्र त्याला येत नव्हते. म्हणून त्याने हाती लागेल ते मिसळून पाहिले: कापड, लाकडाचा लगदा, लाख, हस्तिदंताचा भुसा. १८६५ साली त्याने चेंडूचे एक पेटंट घेतले. लगदा आणि लाख यांचे मिश्रण दाबून बनवलेल्या चेंडूंचा धंदा पुढे सुरू झाला, पण तो चेंडू हस्तिदंताच्या तोडीचा नव्हता.

मुद्रकांची बोटे कागदाने कापतात. तेव्हा त्यावर कलोडियन नावाचे पातळ औषध लावत. ते वाळले की जखमेवर पापुद्रा धरते. एके दिवशी हायटने फडताळ उघडले तर बाटली लवंडलेली आणि सांडलेले कलोडियन सुकून अंगठ्याच्या नखाएवढा टणक तुकडा झालेला. कलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे द्रावण. कापूस किंवा कागद नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवला की नायट्रोसेल्युलोज तयार होते, आणि त्याचाच तीव्र प्रकार म्हणजे तोफांसाठी वापरायचा बंदुकी कापूस. हायटने चेंडूंवर याचा लेप द्यायला सुरुवात केली. हा लेप इतका ज्वालाग्राही होता की पेटती सिगार लागली तर चेंडू भडकून पेटे. दोन चेंडू जोरात आपटले की कधीकधी टिकलीसारखा बार उडे. कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याने हायटला कळवले की त्याला स्वतःला या आवाजाचे काही वाटत नाही, पण प्रत्येक वेळी खोलीतला एकूण एक माणूस पिस्तुलाला हात घालतो. हा किस्सा हायटच म्हातारपणी सांगत असे. त्यात तिखटमीठ किती हे सोडून देऊ. आपल्या मालाची फजिती स्वतः सांगणारा कारखानदार विरळाच.

नुसता लेप पुरेसा नाही, सबंध चेंडूच या पदार्थाचा व्हायला हवा, असे त्याच्या मनाने घेतले. पण द्रव उडून गेला की कलोडियन आक्रसते. घट्ट, जाड गोळा मिळत नाही. येथे कामाला आला तो आपल्या आरतीच्या तबकातला कापूर! हायट आणि त्याचा थोरला भाऊ आयझाया यांनी नायट्रोसेल्युलोजचा लगदा आणि कापूर दोनास एक या प्रमाणात मळून, गरम साच्यात घालून दाबायचे ठरवले. उष्णतेने कापूर वितळून लगद्यात मुरेल अशी कल्पना होती.

न्यूयॉर्कचे प्राध्यापक सीली हे त्या काळचे जाणते रसायनज्ञ होते. त्यांना हा बेत समजला तेव्हा त्यांनी बजावले की नायट्रोसेल्युलोज असे तापवाल तर स्वतः उडाल आणि इमारतही उडवाल. हायट विचारात पडला. मग त्याने एक चार इंच जाडीची फळी आणली, दाबयंत्र आणि हातपंप यांच्या मध्ये उभी केली, फळीच्या आडून पंप मारला आणि साचा मुद्दाम पाचशे अंश फॅरनहाइटच्या घरात तापवला. सांध्यांतून वायू फुसफुसत बाहेर पडला, खोली धुराने भरली. पण स्फोट झाला नाही. साचा, यंत्र, इमारत आणि हायट, सारे जागच्या जागी होते. प्राध्यापकांइतके ज्ञान आपल्याला नव्हते याचा आपल्याला फार आनंद झाला, अशा अर्थाचे तो पुढे म्हणे.

ही गोष्ट वाचून आपल्यातले काही मित्र खूश होतील आणि प्राध्यापक मंडळी रागावतील. मला स्वतःला दोन्ही पक्ष पटत नाहीत. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला शिक्षणावाचून अडत नाही हे वाक्य फार वेळा ऐकावे लागते आणि त्याला पुरावा म्हणून अशाच माणसांची नावे पुढे केली जातात. पण ती फळी का आली? प्राध्यापकांनी सांगितले म्हणून आली. हायटने त्यांचे ऐकून प्रयोग सोडला नाही हे खरे, तसेच त्यांचे न ऐकता तो उघडा उभा राहिला नाही हेही तितकेच खरे. त्याची हुशारी मला त्या फळीत दिसते.

१२ जुलै १८७० रोजी दोघा भावांना या कृतीचे पेटंट मिळाले. वृत्तपत्रांच्या धंद्यात वावरलेल्या आयझायाने या पदार्थाचे बारसे केले: सेल्युलॉइड. प्रथम दातांच्या कवळ्या करून पाहिल्या. त्या काळी रबराच्या कवळीमागे दंतवैद्यांना पेटंटधारकांना पैसे मोजावे लागत, म्हणून नव्या कवळीचे स्वागत झाले. पण तिला कापराची चव येई आणि गरम पेयाने ती नरम पडे. १८७१ मध्ये सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि लवकरच कारखाना न्यूजर्सीतील न्यूआर्क येथे हलला. १८७५ मध्ये तो आगीत जळाला, पुन्हा उभा राहिला. हायटने कापलेला माल नळीत तापवून साच्यात रेटून भरणारे यंत्र बनवले. आजच्या बादल्या, डबे ज्या पद्धतीने साच्यातून निघतात तिचा हा पूर्वज म्हणावा लागेल. कंगवे, कॉलर, सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या अशा वस्तू निघू लागल्या.

श्रेयावरून तंटा झालाच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात असाच एक पदार्थ मांडला होता. त्याचा सहकारी डॅनियल स्पिल याने हायटच्या कंपनीवर दावा लावला. तो १८७७ पासून १८८४ पर्यंत चालला. आधी निकाल स्पिलच्या बाजूने लागला, मग फिरला. कापराचा उपयोग पार्क्सने आधीच सुचवला होता, तेव्हा त्यावर एकट्याचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ. मला वाटते, पदार्थ पार्क्सला सापडला आणि तो करायचा कसा हे हायटला सापडले.

आणि चेंडूचे काय झाले? सेल्युलॉइडचा चेंडू फसला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात हायटचा एक जुना चेंडू आहे. त्याचे पृथक्करण करणाऱ्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले की त्यात सेल्युलॉइडबरोबर गुरांच्या हाडांची पूडही आहे. म्हणजे हायटने एका पदार्थाला बांधायचे काम दिले आणि दुसऱ्याला वजन व टणकपणा द्यायचे. असे चेंडू कित्येक दशके विकले गेले. ऑल्बनीची त्याची चेंडूंची कंपनी तर १९८६ पर्यंत टिकली.

हायट मात्र चेंडूपाशी थांबला नाही. भावासह त्याने १८८१ मध्ये पाणी शुद्ध करणारी कंपनी काढली. गढूळ पाण्यात तुरटी सोडून ते वाहतानाच गाळायचे अशी तिची रीत होती. आपल्या आयाबाया पाण्यात तुरटी फिरवतात, तेच शास्त्र. मग उसाचा रस काढणारा चरक केला, त्याचे चिपाड इतके कोरडे निघे की लगेच चुलवणात घालता यावे. यंत्रे फिरती राहावीत म्हणून लवचीक रोलर बेअरिंग शोधले आणि १८९२ मध्ये त्याचा कारखाना काढला. या कारखान्यात लागलेला एक तरुण अभियंता, आल्फ्रेड स्लोन, पुढे जनरल मोटर्सचा प्रमुख झाला. दोनशेहून अधिक पेटंटे हायटच्या नावावर जमा झाली.

सेल्युलॉइड नाव आपल्या ओठी बसले ते सिनेमामुळे. १८८९ पासून ईस्टमनच्या कंपनीने या पदार्थाच्या पारदर्शक फिती विकायला काढल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो नायट्रेटच्या फितीवरच. हायट त्या दिवशी हयात होता, पंचाहत्तर वर्षांचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील रसायनज्ञांनी एका लोहाराच्या मुलाला आपले मानाचे पर्किन पदक दिले. १० मे १९२० रोजी न्यूजर्सीत शॉर्ट हिल्स येथे त्याचे निधन झाले. फितीचा आगलावा स्वभाव मात्र त्याच्यामागेही उरला. २००३ साली पुण्यात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागून मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या कितीतरी प्रती गेल्या.

हायटने हत्ती वाचवले असेही म्हणतात. मला ते धाडसाचे वाटते. त्याच्या हयातीत हस्तिदंताचा व्यापार थांबला नाही, पियानो आणि दागिने यांनी तो चालूच ठेवला. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले ते १९८९ साली. क्यूच्या टोपीला हस्तिदंतच हवे म्हणणारे हट्टी कारागीर तोवर होतेच आणि त्यानंतरही होते. आता चांगल्या टोप्या मेलामाइन किंवा फिनॉलिक रेझिनच्या करतात. एका जातीत तागासारख्या तंतूंपासून विणलेले लिनन कापड थरावर थर घालून रेझिनमध्ये दाबतात. लिनन टोपीला फुटू देत नाही, रेझिन टणक ठेवते. हाडाची पूड आणि कापूर घेऊन हायट ऑल्बनीत हेच करीत होता. आणि या टोपीचा रंग अजूनही हस्तिदंतासारखा पांढरा-पिवळसर ठेवतात.