विल्यम केरी

एके काळीं इंग्लंडांत जोडे शिवणारे केरीसाहेब १७९३ सालीं बंगालांत आले. या देशांतील लोकांपैकीं पहिला बाप्तिस्मा त्यांनीं दिला तो कृष्ण पाल या सुताराला, सेरामपूर येथें, १८०० च्या अखेरीस. मध्यें सात वर्षें गेलीं! आम्हांस हा धीर त्यांच्या विद्वत्तेहून थोर वाटतो. आम्हां मराठी जनांवर त्यांचें निराळेंच ऋण आहे. महाराष्ट्रांत पाऊल न टाकतां, पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मोडी लिपींत कोश छापविला. १८१२ च्या मार्चांत छापखान्यास आग लागून अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. राखेंतून अक्षरांचे ठसे मात्र शाबूत निघाले, आणि लवकरच नवीं अक्षरें ओतूं लागलीं. केरीसाहेबांनींही पुन्हां लेखणी उचलली.