एका गाठीने बदललेला डॉक्टर

अंगावर गाठ आली की आपण ‘चरबीची असेल’ म्हणून सोडून देतो. दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर? म्हणूनच मला डॉ. विल्यम कोली यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

कोली यांचा जन्म १८६२ चा, अमेरिकेतला. १८९० मध्ये न्यूयॉर्कला ते अगदी नवखे सर्जन होते. तेव्हा बेसी डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. रेल्वेच्या सीटमध्ये हात चेंगरून सूज आली होती. आधी वाटलं, जंतुसंसर्ग असेल. निघाला सार्कोमा! हात कापला, तरी जानेवारी १८९१ मध्ये ती गेली.

कोली हादरले, पण गप्प बसले नाहीत. हॉस्पिटलची जुनी रेकॉर्ड्स त्यांनी उपसली. त्यात स्टाइन नावाचा पेशंट सापडला. त्याचा मानेचा सार्कोमा काढला तरी पुन्हा उगवायचा. पण त्वचेचा जंतुसंसर्ग होऊन सडकून ताप आला आणि गाठच विरली! कोलींनी गरीब वस्त्या पालथ्या घालून त्याला शोधलं, तर स्वारी ठणठणीत.

मग त्यांनी पेशंटना मुद्दाम जंतू टोचले, पुढे मेलेल्या जंतूंचं मिश्रण. काही बरे झाले, काही दगावलेही. टीका खूप झाली. १९३६ मध्ये ते वारले. पण शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढू शकते, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल त्याच वाटेवरच्या कामाला मिळालं.

तेव्हा मित्रांनो, गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी, खोल किंवा वाढणारी असेल, तर सबमिशन राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. आणि स्कॅन, बायोप्सी झाल्याशिवाय ती कापून घेऊ नका.