एक पेला चहा

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या तीन ओळींच्या मूळ गावी, जपानात, गेले की पहिले नाव निघते ते बाशोचे. बाशोपुढे हात जोडावेत; इस्साच्या घरी मात्र सरळ ओसरीवर जाऊन टेकावे, असा तो कवी.

१७६३ साली शिनानो प्रांतातल्या काशिवाबारा या डोंगरी खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. नाव यातारो कोबायाशी. दोन-तीन वर्षांचा असतानाच आई गेली. आजीने वाढवले. पुढे सावत्र आई आली, तिला मुलगा झाला आणि यातारो आपल्याच घरात उपरा ठरला. आजी वारल्यावर वडिलांनी त्या कोवळ्या पोराला पोटासाठी एदोला, म्हणजे आजच्या टोकिओला, धाडले. तिथे हलाखीत दिवस काढता काढता त्याला हायकूचा नाद लागला. 'इस्सा' हे नाव त्याने घेतले. त्याचा अर्थ एक पेला चहा. १७९२ पासून सहा-सात वर्षे तो पश्चिम जपानात हिंडत होता.

१८०१ मध्ये वडील आजारी पडले, तेव्हा तो गावीच होता. त्याने त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांची रोजनिशी लिहिली. त्यानंतर सुरू झाली भाऊबंदकी. मृत्युपत्रात अर्धा वाटा असूनही तो हाती यायला १८१३ साल उजाडले. पन्नाशीचा इस्सा तेव्हा कुठे घरी परतला.

१८१४ मध्ये त्याने किकुशी लग्न केले. चार मुले झाली. चारही तान्हेपणीच गेली. लाडकी सातो १८१९ मध्ये देवीने गेली. त्याच वर्षाची हकीकत 'ओरागा हारु', म्हणजे 'माझा वसंत', या पुस्तकात आहे. ते छापले गेले १८५२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. इस्सा श्रद्धाळू बौद्ध होता. जग क्षणभंगुर आहे हे त्याला पाठ होते. पण बापाचे मन त्या शिकवणीने निवले नाही. ते त्याने लपवलेही नाही. १८२३ मध्ये किकुही गेली.

वीस हजारांहून अधिक हायकू त्याने लिहिले. हायकूत ऋतूची खूण हवी, असा संकेत आहे. इस्साच्या ऋतूंत बेडूक, चिमण्या, गोगलगायी, माश्या, पिसवासुद्धा नांदतात, आणि तो त्यांच्याशी घरच्यांसारखा बोलतो. ज्याचे घर पुनःपुन्हा मोडले, त्याने असा गोतावळा जमवला.

१८२७ मध्ये गावाला आग लागली, घर जळाले. मातीच्या भिंतींच्या कोठारात तो राहू लागला आणि १८२८च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, तिथेच वारला. तिसरी पत्नी याओ तेव्हा गरोदर होती. पुढे मुलगी झाली, याता तिचे नाव. ती जगली. ती मात्र इस्साला पाहायला मिळाली नाही.